काचेला चिकटलेला फोटो

संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं, की आतून एका बाईचा खणखणीत आवाज यायचा, "पडदा!" नवखा माणूस दचकून जागच्या जागी थिजायचा आणि जुने लोक गालातल्या गालात हसायचे. आत आल्यावर आधी दार लावायचं आणि मगच काळा पडदा बाजूला सारायचा, एवढीच काय ती गोष्ट. पण वर्षानुवर्षं सांगूनही ती लोकांच्या डोक्यात शिरली नव्हती. शिपाई चहा घेऊन यायचा तो दार सताड उघडं टाकूनच. साहेब यायचे ते फोनवर बोलत, पडदा अंगाला गुंडाळून घेत. त्या एका शब्दावरून तिचं नावच पडलं, पडदेबाई. तिलाही ते माहीत होतं. एकदा तिच्या वाढदिवसाला लोकांनी तिला पडद्याच्या कड्या भेट दिल्या, तर त्या तिने खरंच वापरायला घेतल्या.

काम म्हणाल तर इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं. आपल्या डोळ्यांना तांबड्या रंगापर्यंत दिसतं, पण प्रकाश काही तिथे संपत नाही. तो पुढेही असतो, फक्त आपल्याला दिसत नाही, आणि हा कॅमेरा तोच टिपतो. शाळेची मुलं आली की पडदेबाई त्यांना सांगायची, "हा प्रकाश डागांना विचारतच नाही. चहा सांडलाय? सांडू दे. ओल आलीय? येऊ दे. तो सरळ पलीकडे जातो आणि कोळशाच्या नाहीतर शिशाच्या रेघेपाशी थांबतो." मग ती त्यांना एका बड्या असामीचं तैलचित्र दाखवायची. वरून बघावं तर गडी सडसडीत, छाती पुढे काढलेला. कॅमेऱ्यातून बघावं तर रंगाखाली कोळशाने काढलेलं चांगलं नगाऱ्याएवढं पोट. चित्रकाराने आधी खरं ते काढलं, मग कुणीतरी डोळे वटारले असणार. पोरं खिदळायची, आणि पोरांपेक्षा ती जास्त.

बाईला वेळ कसा काढायचा ते उत्तम कळायचं. तो कॅमेरा काही एका फटक्यात फोटो काढत नाही. बारीक बारीक चौकोन टिपत तो सावकाश सरकतो, आणि तोवर खोलीत कुणी हलायचं नाही, कारण फळ्यांची जमीन हलते आणि चित्र बिघडतं. तेवढा वेळ ती कॅमेऱ्याच्या शेजारी निमूट उभी राहायची. डाव्या हाताने उजवं कोपर धरून, मान किंचित कलती. ती कुठेही अशीच उभी राहायची. बसथांब्यावर, दवाखान्यात, दुकानाच्या रांगेत.

याच उभं राहण्यापायी तिने लहानपणी बापाची बोलणी खाल्ली होती. "हात सोड! नीट उभी राहा!" शाळेच्या दारात, पाहुण्यांसमोर, कुठेही. बापाचा आवाज एरवी मवाळ. मारणं सोडाच, एरवी तो कधी ओरडलाही नाही. पण पोरीने कोपर धरलं की त्याच्या कपाळावर आठी चढलीच. ती हात सोडायची आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा धरायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तिची मावशी म्हणायची. मावशी म्हणजे सावत्र आई. तिला आई म्हण, असं कुणी सांगितलं नाही आणि मावशीनेही कधी मागितलं नाही. बाई गुणाची होती. पण बापाच्या त्या आठीचा अर्थ पोरीने आपल्या परीने लावून टाकला होता. बाबांना मी आवडत नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि मुलांनी एकदा ठरवलेलं म्हातारपणापर्यंत टिकतं.

सख्खी आई ती चार वर्षांची असताना तापाने गेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी फोन लावायचा म्हणजे मधे एक बाई लागायची. तिने 'नंबर?' विचारायचं, तुम्ही सांगायचा, की ती एका भोकातली दोरी ओढून दुसऱ्या भोकात खुपसायची, आणि मग तुमचं बोलणं व्हायचं. आईची म्हणून पडदेबाईला एकच गोष्ट आठवत होती. झोपताना आई अंधारात विचारायची, "नंबर?" ही म्हणायची, "तीन." आई म्हणायची, "तीन नंबर झोपलाय हो, उठत नाही. दुसरा सांगा." ही म्हणायची, "पाच." "पाच नंबरही झोपला." असं करत सगळे नंबर झोपायचे आणि मग ही झोपायची. एवढंच. आवाज आठवायचा, अंधार आठवायचा. चेहरा नाही.

आणि चेहऱ्याचा एकही फोटो नव्हता. होते नव्हते ते सगळे एका ट्रंकेत होते, आणि एका वर्षी नदीचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं तेव्हा त्या ट्रंकेतल्या फोटोंचा लगदा झाला. बापाने तो लगदा कुणाला न दाखवता नेऊन टाकला. आईबद्दल त्याला विचारणं म्हणजे विस्तवात हात घालणं. तो रागवायचा नाही, नुसता उठून जायचा.

जगात एकच फोटो उरला होता. एक्स्चेंजच्या लांबलचक बोळात सगळ्या ऑपरेटरांचा एकत्र फोटो लावलेला आहे, हे तिला मावशीकडून कळलं होतं. मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. "तुझी आई त्या दिवशी उशिरा पोचली म्हणे. अख्खं ऑफिस ताटकळलं." ऐन विशीत पडदेबाई धीर करून तिथे गेली होती. फोटो होता, पण भिंतीला ओल. कागदावर तपकिरी डाग असे पसरलेले, की बायांच्या जागी नुसते ढग. खालची नावांची पट्टी तर कधीच कुजून गळून पडलेली. ती बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" ती म्हणाली, "हो," आणि निघून आली.

पुढे तिला संग्रहालयात फोटो काढायची नोकरी लागली. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि राहिलं ते राहिलंच. बऱ्याच वर्षांनी इन्फ्रारेड कॅमेरा आला. तो डागांच्या आरपार बघतो हे शिकवणाऱ्याने सांगितलं, तेव्हा बाकीच्यांनी टिपणं घेतली आणि हिच्या हाताला घाम फुटला. पण तोवर एक्स्चेंज बंद पडलं होतं आणि इमारतीला कुलूप लागलं होतं. आत काय आहे, काय नाही, कुणाला पत्ता नाही. ती अर्ज करून थकली. वाट बघणं ही काय चीज असते ते तिला विचारा. दुसऱ्यांच्या पणजोबांचे चेहरे ती रोज डागांतून वर काढायची, लोक तिच्यासमोर रडायचे, तिचे हात हातात घ्यायचे. ती त्यांना कागदी रुमाल द्यायची आणि मनात म्हणायची, माझी पाळी कधी?

तर अशी सगळी पार्श्वभूमी, आणि एके दिवशी ध्यानीमनी नसताना खळमास्तर गाडा ढकलत आला. खळमास्तर म्हणजे फाटके कागद जोडणारा. दिवसभर गव्हाच्या पिठाची खळ ढवळायची आणि कागदाला लावायची, म्हणून हे नाव. माणूस बोलघेवडा, पण हात असा हलका की चिटोरंसुद्धा त्याच्यावर विश्वास टाकायचं.

"पडदा!" ती ओरडली.

"सारलाय, सारलाय. तुमच्या पडद्यापायी मी एक दिवस नाकावर आपटणार," तो म्हणाला. "एक्स्चेंजची इमारत उघडलीय. तिथे टेलिफोनचं संग्रहालय करतायत. सगळं सामान आपल्याकडे आलंय. हा फोटो बघा. काचेला चिकटलाय. ओलीने कागदाचा चेहराच काचेला धरून बसलाय. सोडवायला गेलो तर बायका काचेवर राहतील आणि माझ्या हातात कोरा कागद येईल. काचेतूनच काय दिसतं ते तुम्ही बघा."

तिने चौकट बघितली. उजवं कोपर घट्ट धरलं.

"बाई? बरं वाटत नाही का?"

"ठेवा तिथे. आणि जा," ती म्हणाली. मग तिला वाटलं आपण फारच तोडून बोललो, म्हणून म्हणाली, "यात माझी आई आहे."

खळमास्तरच्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलं. तो पडदा नीट सारून, दार हळूच लावून गेला.

आता इथे बाईने जे केलं ते तिच्या हाताखालच्या कुणी केलं असतं, तर तिने त्याची बिनपाण्याने केली असती. काचेतून फोटो काढायचा तर काच आरसा होते. म्हणून कॅमेऱ्यासमोर काळं कापड ताणायचं, त्याला भिंगापुरतं भोक ठेवायचं आणि आपण त्या कापडामागे उभं राहायचं. कापड कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली वरच्या मजल्यावर. कोण जाणार? तिच्या अंगात काळा कोट होता. खोली काळी, कोट काळा, एवढं बस झालं, असं तिने मनाला समजावलं. जिने सगळ्यांना धीर धरायला शिकवलं, तिचा धीर एका जिन्यासाठी सुटला.

आणि कोट होता नवा. त्याच आठवड्यात ऑफिसातून मिळालेला. या धंद्यातलं पोरसोरही जाणतं की डोळ्याला काळं ते कॅमेऱ्याला काळं असेलच असं नाही. कित्येक काळे रंग इन्फ्रारेडमध्ये पांढरेफेक दिसतात. जुना कोट तिने पारखून घेतला होता. नवा पारखायचा राहिला होता.

कॅमेरा सरकू लागला. ती शेजारी उभी राहिली, कोपर धरून, श्वाससुद्धा जपून घेत.

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटायला लागलं तसे डाग विरत गेले. आधी पायऱ्या आल्या, मग बसलेल्या बायांचे हात, मांडीवर ठेवलेले, जरा अवघडलेले. मग चेहरे. तिने चेहऱ्यांकडे बघायच्या आतच उजवीकडचं दार आलं. एक्स्चेंजचं उघडं दार, आत काळोख, आणि त्या काळोखात एक बाई. पांढऱ्या कोटातली. रांगेत नाही, रांगेपासून लांब, दारातच. जणू आत्ता पोचली. चेहरा धूसर, पण मान किंचित कलती.

'तुझी आई त्या दिवशी उशिरा पोचली म्हणे.'

पडदेबाईला रडू आलं नाही. ती हसली. एकटीच, तोंडावर हात ठेवून, लहान मुलीसारखी. "आलीस?" ती म्हणाली. "किती उशीर, गं?"

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती तरंगतच. वाटेत फुलं घेतली. घरात फुलं आणायची सवय नसल्यामुळे ती पाण्याच्या तांब्यात ठेवावी लागली. बाप खिडकीशी रेडिओ ऐकत बसला होता. एके काळचा टेलिफोन खात्यातला लाइनमन, खांबांवर माकडासारखा चढणारा. आता नव्वदीला टेकला होता आणि चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याची नजर पार गेली होती. मावशी गेल्यापासून घरात ही दोघंच. दोघांचं बोलणं चहा, औषध आणि हवामान यापलीकडे फारसं जायचं नाही.

"फुलं आणलीस?" त्याने वासावरून ओळखलं. "कुणी येणार आहे का?"

"नाही. सहजच." तिला राहवलं नाही. "बाबा, आई त्या ऑफिसच्या फोटोच्या दिवशी उशिरा पोचली होती ना?"

बापाचा हात रेडिओच्या बटणावर थांबला. "कुणी सांगितलं?"

"मावशीने."

त्याने रेडिओ मोठा केला. बातम्या सांगणारा ठणाणा करू लागला. एरवी तिला वाईट वाटलं असतं. त्या दिवशी वाटलं नाही. तिच्याकडे आई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खळमास्तरला मुद्दाम बोलावलं. चित्र लावलं, दारापाशी बोट नेलं. "ही माझी आई."

खळमास्तर वाकला. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ काही बोलला नाही. आणि हा गप्प राहतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ती ओळखून होती.

"बोला ना."

"बाई," तो चाचरत म्हणाला, "यांच्या खिशाला आपल्या संग्रहालयाचा बिल्ला आहे."

तिने बघितलं. चौकोनी बिल्ला. त्याखाली खोचलेलं पेन. रात्रभर उराशी धरलेल्या बाईच्या खिशाला तिचं स्वतःचंच पेन. मान कलती, कोपर धरलेलं. दारातली बाई ती स्वतःच होती, काचेत उमटलेली.

"कापड लावलं नव्हतं का?" त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"नव्हतं लावलं." ती स्टुलावर बसली. "पंचवीस वर्षं पोरांना ओरडतेय, कापड लावा, कापड लावा. आणि मी स्वतःलाच आई समजून घरी फुलं घेऊन गेले. हसा. हसा तुम्ही, मला चालेल."

तो हसला नाही. वर जाऊन किल्ली घेऊन आला, कपाटातून कापड काढलं आणि कॅमेऱ्यासमोर ताणून बांधलं. मग खुर्ची ओढून, न हलता, तिच्यासोबत कापडामागे बसला.

या खेपेला दार रिकामं निघालं. आत नुसता काळोख होता. पण बाकीचं चित्र मात्र असं सुरेख उमटलं, की तिने आयुष्यात काढलेल्या सगळ्या चित्रांत ते उजवं ठरावं. डाग गेले. तीन रांगा, एकसारखे कोट. एकीचे दात पुढे. एकीने कुठल्यातरी रागाने फोटोवाल्याकडे बघितलेलं. एक जण इतकी कोवळी की शाळेतून पळून आली असावी. इतक्या वर्षांनी सगळ्याजणी ढगांतून बाहेर आल्या होत्या.

आणि तिला कळेना की यातली आई कोणती.

हा विचार तिच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. तिला वाटत होतं, दिसली की ओळखेन. पोर आईला ओळखणार नाही? नाक बघावं, तर तिघीचौघींना तिच्यासारखंच नाक. कपाळ बघावं, तर तसलं कपाळ निम्म्या जगाला असतं. तिने आरसा आणून शेजारी ठेवला. पण आरशात साठीकडे झुकलेली बाई, आणि फोटोत पोरी. तिच्या मुली शोभतील अशा. प्रत्येकीकडे बघून ती मनात म्हणाली, नंबर? एकही उठली नाही.

मागच्या रांगेच्या टोकाला, दाराच्या लगत, एक बाई होती तिचा तर चेहराच नव्हता. फोटो काढताना ती हलली होती. खांदे, कोट, हात जागच्या जागी, आणि चेहऱ्याच्या जागी एक फिकट फराटा. डाग असता तर कॅमेऱ्याने पुसला असता. पण मूळचाच चेहरा हललेला असेल, तर जगातला कुठलाही प्रकाश तो जाग्यावर आणू शकत नाही. पडदेबाईने तिच्यावरून नजर लगेच हटवली. हिला सोडून कुणीही असू दे, देवा. ती दात पुढे असलेली चालेल. रागावलेली चालेल. ही नको.

"वडिलांना विचारा," खळमास्तर म्हणाला.

"त्यांना दिसत नाही."

"ऐकू येतं ना?"

"ऐकू येतं. बोलत नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी? सरळ? की नुसत्याच घरभर कुढत फिरता, दोघं मिळून?" तो म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून खळ ढवळायला निघून गेला. जाताना पडदा सारायला विसरला. ती ओरडलीही नाही.

घरी येऊन तिने रेडिओ बंद केला. बापासमोर स्टूल ओढलं. फोटोची मोठी प्रत मांडीवर घेतली.

"बाबा, एक्स्चेंजचा तो फोटो आलाय आमच्याकडे. मी साफ काढलाय. सगळ्याजणी दिसतायत. पण आई कोणती ते मला कळत नाही. मला माझी आई ओळखता येत नाही, बाबा. उठून जाऊ नका. आज जाऊ नका."

तो उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली.

"सांग," तो म्हणाला. "कोण कोण आहे ते सांग."

तिने पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. दात पुढे असलेली सांगितली. "ती मोठ्या आवाजाची," बाप म्हणाला. "तिला यंत्राची गरजच नव्हती." रागावलेली सांगितली. "मुख्य बाई. सगळे टरकून असायचे." कोवळी पोर सांगितली, ती त्याला आठवेना. इतकं तो गेल्या वर्षभरात बोलला नव्हता. ती एकेक चेहरा सांगत गेली, आणि तो मान हलवत गेला. नाही. ही नाही. हीही नाही. मागची रांग आली. रांगही संपत आली, आणि ती थांबली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"दाराजवळ कुणी नाही? तिला उशीर झाला होता. तू सोडत नव्हतीस सकाळी. कोट धरून बसली होतीस. ती धावत गेली. दाराजवळच जागा उरली असणार."

पडदेबाईने डोळे मिटले. "आहे एक. पण तिचा चेहरा नाही, बाबा. हललाय. काहीच दिसत नाही."

"हात कुठे आहेत तिचे?"

"काय?"

"हात, हात. हात दिसतायत ना?"

तिने बघितलं. चेहरा नको म्हणून या बाईकडे तिने नीट बघितलंच नव्हतं. डाव्या हाताने उजवं कोपर धरलेलं. घट्ट.

ती सांगू शकली नाही. पण तिच्या गप्प राहण्यातून बापाला कळलं. त्याचा चेहरा असा सैल पडला, जणू खांबावर चढताना कमरेला आवळलेला पट्टा कुणी सोडला.

"दिवसभर दोऱ्या ओढून कोपर दुखायचं तिचं," तो म्हणाला. "उभी राहिली की असंच धरायची. मी तिला बघण्याआधी ऐकली होती, ठाऊक आहे? खांबावरून लाइन तपासायची म्हणून फोन लावायचो. 'लाइन चालू आहे का?' 'चालू आहे.' 'नक्की?' 'अहो, चालू नसती तर मी कशी बोलले असते?' मग एक दिवस मुद्दाम बघायला गेलो, तर ती दारात उभी. कोपर धरून." तो थांबला. "तू चालायला लागलीस आणि तिच्या शेजारी उभी राहून तसंच धरायला शिकलीस. एवढंसं कोपर. सगळी चाळ हसायची. मग ती गेली. आणि तू तशीच उभी राहायचीस. शाळेत, दारात, जिथे जाशील तिथे. मला बघवायचं नाही गं. तुला सांगताही यायचं नाही. म्हणून नुसता ओरडायचो."

पडदेबाई उठली. बसवेनाच तिला. मांडीवरची प्रत खाली घसरली, ती तिने उचलली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून ती रडत होती, आवाज न करता, जशी कॅमेरा चालू असताना उभी राहायची तशी.

बाप खुर्चीचा हात धरून उठला. चाचपडत दोन पावलं आला. त्याचा हात आधी तिच्या खांद्याला लागला, मग दंडावरून खाली सरकत कोपरापाशी आला. तिथे तिचाच डावा हात घट्ट रुतलेला होता. त्याची बोटं लागताच तिने लहानपणीच्या सवयीने तो झटकन सोडला.

"राहू दे," बाप म्हणाला. त्याने तिचा हात शोधला आणि पुन्हा तिच्या कोपरावर नेऊन ठेवला. "राहू दे हात तिथे."